इंग्रजीतलं -इंग आणि -एड तोंडात बसवायचं कसं?

शेवंती
नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं पण नेमकं हेच कुठे सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. जुना असेल तर लिंक द्या.

मी मराठी माध्यमातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, लातूर जिल्ह्यात एका खासगी दवाखान्यात नोकरी आहे आणि नर्सिंगसाठी परदेशात जायचं तर इंग्रजीची परीक्षा लागते, तिचा अभ्यास ड्युटी सांभाळून चाललाय. वाचलेलं कळतं, वेळ मिळाला तर लिहिते पण बरं. अडतं ते बोलताना आणि तेही दरवेळी एकाच ठिकाणी. बोअर्ड की बोअरिंग, टायर्ड की टायरिंग, कन्फ्यूज्ड की कन्फ्यूजिंग. गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर सगळ्या बरोबर येतात, पण समोर कुणी बसलं आणि विचारलं की तुला हे काम का आवडतं, की त्या शब्दाच्या आधी जीभ थांबते. मग मी तो शब्दच टाळते आणि "गुड", "नाइस", "व्हेरी नाइस" एवढ्यावर सगळं बोलणं उरकतं.

तर प्रश्न असा की याचा तोंडी सराव कसा करायचा? नियम नकोय, तो पाठ आहे. तो जिभेवर यावा म्हणून तुम्ही काय केलंत ते सांगा. क्लास लावणं सध्या शक्य नाही, ड्युटी कधी दिवसा कधी रात्री. एकटीने करता येईल असं काहीतरी हवंय.

हापूस
वाखूसा (वाचनखूण साठवली). लेकीच्या दहावीसाठी पण उपयोगी पडेल. रुमाल टाकून ठेवते.

खडूफळा
शेवंतीताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

नियम पाठ आहे म्हणता, पण तो कुठला? बहुतेक शाळांत सांगतात, "माणसाला -एड, वस्तूला -इंग". पूर्वी पाचवीपासून इंग्रजी होतं, २००० सालापासून राज्यात पहिलीपासून सुरू झालं, पण हे वाक्य काही बदललं नाही. आणि ते चूक आहे. "अ बोअरिंग टीचर" हा माणूसच आहे ना? "अ वरीड लुक" म्हणतो तेव्हा नजर ही वस्तूही नाही आणि माणूसही नाही, तरी तिथे -एड लागतं, कारण काळजी त्या नजरेतल्या माणसाला वाटतेय. या नियमाने गाळलेल्या जागा भरता येतात, कारण पुस्तकवाल्यांनी वाक्यं त्याच बेताने घेतलेली असतात. खरं बोलणं त्या बेतात बसत नाही म्हणून जीभ अडते.

माझा उपाय साधा आहे. आधी मनात मराठी विशेषण पूर्ण तयार करा. कंटाळलेली मुलं, कंटाळा आणणारं भाषण. दमलेली आई, दमवणारा प्रवास. घाबरलेलं पोर, घाबरवणारा आवाज. गोंधळलेला पेशंट, गोंधळात टाकणारा फॉर्म. "-लेला" आला की -एड, "-णारा" आला की -इंग. लहानपणापासून आपल्याला लेला-णारा मध्ये कधी शंका आली आहे का? नाही. तो कान तयार आहे, त्याचाच उपयोग करायचा. बोअर्ड चिल्ड्रन, बोअरिंग स्पीच. टायर्ड मदर, टायरिंग जर्नी. वर्गात मी एक हात वर करून "लेला" आणि दुसरा करून "णारा" म्हणायचो, मुलं ओरडून इंग्रजी शब्द सांगायची. गोंगाट व्हायचा, पण मुलांच्या तोंडात शब्द बसायचे.

बिनधास्त_बंड्या
आमच्या बीडकडं "बोअरिंग" म्हणलं की लोक विचारतेत किती फुटाला पाणी लागलं 😀 पुतण्यानं एकदा जेवताना "धिस टीचर इज व्हेरी बोअरिंग" म्हणलं तर आमची आजी म्हणती, मग शाळेत पाण्याची सोय झाली म्हण की.

सर, लेला-णारा भारी आहे. पोरांना सांगतो.

मुक्काम_पोस्ट
बंड्या 😀😀

मला वाटतं अडचणीचं मूळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. आपण मराठीत बोलताना इंग्रजी शब्द घेतो तेव्हा त्याची शेपटी कापून घेतो. "मी बोअर झालो" आणि "पिक्चर बोअर आहे", दोन्हीकडे नुसतं बोअर. "कन्फ्यूज झालो", "इम्प्रेस झाली", "शॉक झालो", "सस्पेंड झाला". शेपटीचं काम "झालो" करतं, त्यामुळे मराठीत काहीच बिघडत नाही. पण इंग्रजी बोलायला गेलं की "झालो" निघून जातं आणि हातात नुसतं "बोअर" उरतं, मग पुढे -एड की -इंग हे ठरवायला जीभ थांबणारच. शेवंती, तुम्ही जिथे अडता ती जागा नेमकी हीच असावी.

मी पोस्टात आहे, काउंटरवर दिवसभर असलं मिश्रण चालतं. आता मी जाणूनबुजून एक करतो. मराठी बोलताना पूर्ण मराठी, "कंटाळलो", "गोंधळलो", "भारावून गेलो". आणि इंग्रजी बोलायचं तेव्हा पूर्ण शब्द. अर्धा शब्द वापरायचा नाही. सुरुवातीला घरचे विचारायचे की पुस्तकी का बोलतोयस, पण मराठीही सुधारलं.

हापूस
+१. "कन्फ्यूज झाले" मी दिवसातून कितीदा म्हणते देव जाणे.

धातुसाधित
खडूफळा सरांच्या पद्धतीचा आदर आहे, पण "लेला म्हणजे -एड" असं सरसकट घेतलं तर शेवंतींना परीक्षेत फटका बसेल, म्हणून लिहितो. जरा लांब आहे.

बसलेला माणूस. इंग्रजीत "अ सीटेड मॅन" चालेल, पण आपण रोज म्हणू ते "द मॅन सिटिंग देअर". झोपलेलं बाळ म्हणजे "अ स्लीपिंग बेबी". दाराशी उभी राहिलेली बाई, "द वुमन स्टँडिंग अ‍ॅट द डोअर". तीनही ठिकाणी मराठीत लेला आहे आणि इंग्रजीत -इंग. कारण मराठी त्या क्रियेची सुरुवात बघते: बसण्याची क्रिया होऊन गेली, तिचा परिणाम समोर आहे, म्हणून बसलेला. इंग्रजी तीच गोष्ट चालू असलेली स्थिती म्हणून बघते. बसणं, झोपणं, उभं राहणं, आडवं होणं, टेकणं, गुडघे टेकणं, हे शरीराच्या ठेवणीचे धातू वेगळे काढून ठेवा. नर्सला तर हे रोज लागणार.

दुसरं, अकर्मक क्रियापदं. गळालेली पानं "फॉलन लीव्ह्ज", निवृत्त झालेले शिक्षक "रिटायर्ड टीचर", पळालेला कैदी "एस्केप्ड प्रिझनर", असे मोजके शब्द चालतात. पण आलेला पाहुणा "द कम गेस्ट" होत नाही, तिथे "द गेस्ट हू हॅज कम" असंच म्हणावं लागतं. मेलेला म्हणजे "डेड", "डाइड मॅन" नाही. शिकलेला माणूस "एज्युकेटेड", नुसतं लर्न्ट नाही. काल पडलेला मुलगा "द बॉय हू फेल यस्टर्डे".

आणि -इंग एकट्या "णारा"चा नाही. वाहती नदी, उकळतं पाणी, धावती गाडी, हसता चेहरा, हे सगळं -इंगच आहे. म्हणजे "-ता, -ती, -तं" सुद्धा त्यात आलं.

खडूफळा
धातुसाधित, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मुलांनाही पुढच्या टप्प्यावर तो शिकवावाच लागतो. पण ताईंचा प्रश्न बघा. बोअर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड. हे भावनेचे शब्द आहेत. भावनेच्या शब्दांत लेला-णारा पक्कं चालतं, तिथे बसलेला-झोपलेला येतच नाही. ज्याला भावना झाली तो लेला, जो भावना देतो तो णारा. आधी एवढं बसू द्या.

धातुसाधित
भावनेच्या शब्दांपुरतं मान्य आहे सर. माझी काळजी इतकीच की सरळसोट समीकरण एकदा डोक्यात बसलं की ते सगळीकडे लागतं.

रानमेवा
मी नाशिकला डबे देते, इंग्रजी चाळिशीनंतर शिकायला लागले, कारण सोसायटीत दुसऱ्या राज्यांतली मंडळी आली आणि ऑर्डर इंग्रजीत यायला लागल्या. मी सराव स्वयंपाकघरात केला, तो सांगते.

हातात जे असेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, आधी मराठी मग इंग्रजी. चिरलेला कांदा, चॉप्ड अनियन. किसलेलं खोबरं, ग्रेटेड कोकोनट. ठेचलेला लसूण क्रश्ड गार्लिक, भिजवलेली डाळ सोक्ड दाल, भाजलेले शेंगदाणे रोस्टेड पीनट्स, मोड आलेली मटकी स्प्राउटेड, आंबवलेलं पीठ फर्मेंटेड बॅटर, मळलेली कणीक नीडेड डो. करपलेली पोळी आणि नासलेलं दूध असले शब्द तर कायम लक्षात राहतात, बर्न्ट आणि स्पॉइल्ट. सगळे -एड नाहीत, फ्रोझन मटार आहे, ग्राउंड मसाला आहे, हे वेगवेगळे आकार हाताने काम करताना आपोआप बसतात. आणि सगळ्यात उपयोगी जोडी म्हणजे उकळतं पाणी आणि उकळलेलं पाणी. बॉइलिंग वॉटरमध्ये चहा पत्ती टाकतो, बॉइल्ड वॉटर गार करून पितो. हा फरक एकदा तोंडाने म्हणत म्हणत केला की -इंग आणि -एड मधलं अंतर कळतं, कुणी शिकवावं लागत नाही.

सकाळी डब्यांची गडबड असते तेव्हा डोकं इंग्रजीचा विचार करायला मोकळं नसतं, आणि तेच चांगलं. विचार न करता शब्द यायला पाहिजे ना, मग सरावही विचाराला वेळ नसताना केला पाहिजे. शेवंती, तुझ्याकडे स्वयंपाकघराच्या जागी वॉर्ड आहे. तिथल्या वस्तूंवर करून बघ.

निशिगंध
रानमेवा, मस्तच! नीडेड वरून आठवलं, मळलेलं आणि गरजेचं हे दोन्ही शब्द उच्चाराला अगदी सारखे आहेत, स्पेलिंग फक्त वेगळं.

वऱ्हाडी_ठसका
मले तं वाटते हे सारं फुकटचं टेन्शन हाय. "आय ॲम बोअरिंग" म्हटलं तरी समोरच्याले समजते का हा कंटाळला हाय म्हणून. मी सुरतेत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हावो, मद्रासी, पंजाबी, साऱ्यायसंग इंग्रजीत बोलतो, व्याकरण पाहत बसलो असतो तं गाडी लोड झाली नसती. ताई, बोलत राहा. चुकलं तं चुकलं. भीती गेली का इंग्रजी येते.

लिफीकाठ
वऱ्हाडी दादा, बोलत राहा हे शंभर टक्के पटतं, आणि धंद्यात चालत असेलही. पण दवाखान्यात चालत नाही, आणि शेवंती तिकडेच निघाली आहे.

मी डब्लिनमध्ये नर्स आहे. इथे शिफ्ट बदलताना हँडओव्हर तोंडी होतो, एका ठरलेल्या क्रमाने: पेशंटला आत्ता काय झालंय, आधीचा इतिहास, आपलं निरीक्षण, पुढे काय करावं. त्यात "द पेशंट इज कन्फ्यूज्ड" हे एक गंभीर निरीक्षण असतं. वयस्क पेशंट अचानक कन्फ्यूज्ड झाला म्हणजे इन्फेक्शन असू शकतं, औषधाचा परिणाम असू शकतो, साखर खाली गेलेली असू शकते, डॉक्टरला लगेच कळवायचं असतं. त्या जागी "द पेशंट इज कन्फ्यूजिंग" म्हटलं तर ऐकणारीला वाटेल की या पेशंटचं मलाच काही कळत नाहीये. तसंच "आय ॲम वरीड अबाउट हिम". हे वाक्य नर्सने उच्चारलं की वरिष्ठ उठून येतात. तिथे शब्द अडखळला तर वेळ जातो.

शेवंती, तुझा सराव तुझ्या कामातच आहे गं. वॉर्डात डोळ्यांना जे दिसतं ते सगळं याच शब्दांचं असतं. सुजलेला पाय स्वोलन फूट, मुरगळलेला घोटा स्प्रेन्ड अँकल, काळानिळा पडलेला दंड ब्रूज्ड आर्म, चिघळलेली जखम इन्फेक्टेड वूंड, निखळलेला खांदा डिसलोकेटेड शोल्डर. आणि वाहत्या रक्ताची जखम ब्लीडिंग वूंड, कारण तिथे अजून चालू आहे. एक पेशंट मनात धर (नाव अजिबात नाही, माहिती बाहेर जाता कामा नये) आणि घरी जाताना त्याचा हँडओव्हर स्वतःशी मोठ्याने इंग्रजीत दे. फोनमध्ये रेकॉर्ड कर. मग ऐक आणि फक्त एकच गोष्ट तपास, शेपट्या बरोबर आहेत का. बाकी चुका त्या दिवशी सोडून दे.

कुठली परीक्षा देतेयस? ओईटी (दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) असेल तर बोलण्याच्या भागात साधारण ५-५ मिनिटांचे दोन रोल प्ले असतात, दवाखान्यातलेच. घाबरलेला पेशंट, चिडलेला नातेवाईक. म्हणजे फ्रायटन्ड, अँक्शस, अपसेट, अनॉयड हे शब्द तिथे घडोघडी लागतात.

शेवंती
लिफीकाठ ताई, ओईटीच! खूप खूप धन्यवाद. हँडओव्हरचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून करते.

रानमेवा ताई, मी डबा भरताना सुद्धा सुरू केलंय 😊

वऱ्हाडी_ठसका
दवाखान्याचं बराबर हाय ताई. तिथं एका शब्दानं जीव जाते. मी तं धंद्याचं बोलत होतो.

पणजीकर्ण
आमच्या गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून बरीच मुलं पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. मीही तसाच गेलो, त्यामुळे या शेपटीचं एक कारण कानाशी आहे असं मला वाटतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

"टायर्ड", "बोअर्ड" मधला शेवटचा ड इतका हलका असतो की वेगाने बोलताना ऐकूच येत नाही. आपण पुस्तकात -एड वाचतो आणि कानाला काही तसं ऐकू येत नाही, मग एकतर तो गाळतो नाहीतर "बोअरेड" असं ठासून म्हणतो. खरं तर हा प्रत्यय तीन तऱ्हांनी उच्चारतात. आधीचा आवाज ट किंवा ड असेल तरच "इड": एक्सायटिड, वाँटिड, फेडिड. आधी क, प, स, श, च, फ असे आवाज असतील तर "ट": वॉक्ट, शॉक्ट, स्ट्रेस्ट, इम्प्रेस्ट. बाकी सगळीकडे नुसता "ड": टायर्ड, बोअर्ड, वरीड. आपण लिहिताना शॉक्ड लिहितो म्हणून तसंच म्हणतो, पण एकदा "शॉक्ट" म्हणून बघा, जीभ सुटसुटीत वळते. ज्यांना शेपटी म्हणायला जड जाते त्यांची अर्धी अडचण इथेच सुटते.

काही विशेषणं मात्र या नियमाबाहेरची आहेत, त्यांत कायम "इड" येतं: नेकिड, विकिड, क्रुकिड. विद्वान या अर्थी लर्निड. म्हातारा माणूस या अर्थी "एजिड मॅन", पण "एज्ड फिफ्टी" म्हणताना साधं.

खडूफळा
पणजीकर्ण, फार महत्त्वाचं लिहिलंत. शाळेत हे कुणी शिकवत नाही. तोंडी परीक्षेला पाठ केलेली मुलं "वॉकेड", "लुकेड" म्हणतात ती याचमुळे.

निशिगंध
मी मुलांच्या शिकवण्या घेते, एक भर घालते. प्रत्येक -एड ला -इंगची जोडी असतेच असं नाही. स्केअर्डची जोडी स्केअरी, स्ट्रेस्डची स्ट्रेसफुल, डिलाइटेडची डिलाइटफुल, इम्प्रेस्डची इम्प्रेसिव्ह. नियम नवीन शिकलेली मुलं "इम्प्रेसिंग", "स्ट्रेसिंग" करून टाकतात. या जोड्या वेगळ्या वहीत लिहून मोठ्याने म्हणायच्या, दुसरा मार्ग नाही.

आणि "आय ॲम टेन्स्ड". या अर्थाने तो आपल्याकडेच चालतो, सगळे म्हणतात. परीक्षेत "टेन्स" किंवा "स्ट्रेस्ड" म्हणा.

शब्दांच्या मागे काय लागतं तेही जोडीनेच पाठ करा. बोअर्ड विथ, टायर्ड ऑफ, इंटरेस्टेड इन, वरीड अबाउट. आणि मॅरिड टू! आपण "त्याच्याशी लग्न" म्हणतो म्हणून मॅरिड विथ येतं.

बिनधास्त_बंड्या
मॅरिड विथ पण बरोबर असतंय की, पुढं लेकरं आली तर. "मॅरिड विथ टू चिल्ड्रन" 😄

निशिगंध
बंड्या, पूर्ण मार्क 😄

मुक्काम_पोस्ट
रानमेवांच्या प्रतिसादावरून सुचलं. आपल्या घरात हे शब्द आधीच येऊन बसलेत. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड, होमोजिनाइज्ड, टोन्ड. मिठावर आयोडाइज्ड. तेल रिफाइंड. बँकेत फिक्स्ड डिपॉझिट, रेल्वेत रिझर्व्ह्ड डबा, आमच्या पोस्टात पूर्वी रजिस्टर्ड पत्र असायचं. जाहिरातीत फर्निश्ड फ्लॅट, युज्ड कार. सगळीकडे लेला लावून बघितला तर बरोबर बसतो: शुद्ध केलेलं तेल, राखून ठेवलेला डबा, नोंदवलेलं पत्र. दुकानात रांगेत उभं असताना मी हेच वाचत असतो.

फक्त पाण्याच्या बाटलीवर अडलो. "पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर". पॅकेज्ड म्हणजे भरलेलं, ठीक. पण ड्रिंकिंग वॉटर म्हणजे पिणारं पाणी? सर, धातुसाधित, सांगा.

धातुसाधित
अगदी योग्य ठिकाणी अडलात. हे -इंग वेगळं आहे, ते विशेषणासारखं पुढे बसलं तरी नामाचं काम करतं. मराठीत त्याला "-ण्याचा" लागतो. पिण्याचं पाणी. स्विमिंग पूल पोहण्याचा तलाव, वॉकिंग स्टिक चालताना टेकायची काठी, ऑपरेटिंग टेबल ऑपरेशन करायचं टेबल. तलाव पोहत नाही आणि काठी चालत नाही. स्लीपिंग बेबी आणि स्लीपिंग बॅग शेजारी ठेवून बघा: बाळ झोपलेलं असतं, बॅग झोपायची असते. उच्चारातही फरक आहे. स्लीपिंग बॅगमध्ये जोर स्लीपिंगवर येतो, स्लीपिंग बेबीमध्ये बेबीवर.

हापूस
बाळ झोपलेलं आणि बॅग झोपायची, हे कळलं एकदम.

खडूफळा
आता गाडी इथवर आली आहे तर एक मोठी अडचण सांगतो, जी दहावी-बारावीच्या मुलांनाही भोवते. मराठीत कितीही लांब विशेषण नामाच्या आधीच बसतं. "काल बाजारातून आणलेली भाजी." "गावाहून रोज येणारी मुलं." इंग्रजीत नुसता एक शब्द असेल तर आधी, पण त्याच्यामागे काही लटकलं की सगळं नामानंतर जातं. "द व्हेजिटेबल्स बॉट फ्रॉम द मार्केट यस्टर्डे." "द चिल्ड्रन कमिंग फ्रॉम द व्हिलेज." मुलं मराठी क्रमाने "यस्टर्डे बॉट व्हेजिटेबल्स" लिहितात. सरावासाठी सोपं आहे: एका शब्दाचं विशेषण घ्या, मग शेपूट वाढवत जा आणि शब्द उडी मारून मागे जातो ते बघा. अ ब्रोकन विंडो. अ विंडो ब्रोकन बाय द बॉइज.

धातुसाधित
आणि "-ऊन" आणि "-ताना". नर्सच्या बोलण्यात हे फार येणार म्हणून.

मराठीत "मी बीपी बघताना पेशंटला चक्कर आली" हे स्वच्छ वाक्य आहे, कारण "-ताना"ला स्वतःचा कर्ता घेता येतो. इंग्रजीत "चेकिंग द बीपी, द पेशंट फेंटेड" म्हटलं तर अर्थ होतो की पेशंटच बीपी तपासत होता. इंग्रजीतलं सुरुवातीचं मोकळं -इंग आपल्या "-ऊन"सारखं वागतं, दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या हव्यात. कर्ता बदलला की "व्हाइल आय वॉज चेकिंग हिज बीपी, द पेशंट फेंटेड".

खडूफळा
सहमत. पण "-ऊन"चं प्रत्येक वेळी "हॅविंग" करू नका. "चहा पिऊन तो निघाला" याला वहीत "हॅविंग हॅड हिज टी, ही लेफ्ट" चालेल, बोलताना कुणी असं म्हणत नाही. "ही हॅड हिज टी अँड लेफ्ट." दोन साधी क्रियापदं जोडा.

हापूस
अवांतर: "आय ॲम नॉट नोइंग", "आय ॲम लाइकिंग" हे पण याच -इंगमध्ये येतं का?

निशिगंध
नाही गं, ते काळाचं प्रकरण आहे, विशेषणाचं नाही. वेगळा धागा काढ, तिथे भरपूर बोलू.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. मधे सलग नाइट ड्युटी होती म्हणून गायब होते, पण रोज घरी जाताना एसटीत कानाला फोन लावून हँडओव्हर देत होते, शेजारच्यांना वाटायचं कुणाशी बोलतेय 😊 मुक्काम_पोस्ट दादांचं पण पाळतेय, मराठीत "कन्फ्यूज झाले" बंद केलंय. आधी मनात लेला-णारा ठरवावं लागायचं, आता भावनेच्या शब्दांना निदान थांबावं लागत नाही. अजून शरीराच्या ठेवणीचे शब्द पक्के नाहीत.

कालच्या रेकॉर्डिंगमधली वाक्यं टाकतेय (पेशंट काल्पनिक आहे). तपासा प्लीज.

"द पेशंट इज अ सेव्हंटी-इयर-ओल्ड रिटायर्ड फार्मर. ही लुक्स टायर्ड अँड अ लिटल कन्फ्यूज्ड. हिज राइट फूट इज स्वोलन. देअर इज अ ब्लीडिंग वूंड ऑन द अँकल. हिज डॉटर इज सॅट निअर द बेड. शी इज व्हेरी वरीड अबाउट हिम. शी आस्क्ड मी अ लॉट ऑफ कन्फ्यूजिंग क्वेश्चन्स. चेंजिंग द ड्रेसिंग, ही वॉज शाउटिंग."

लिफीकाठ
शाब्बास! रिटायर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड, स्वोलन, ब्लीडिंग, वरीड सगळं बरोबर. "हिज डॉटर इज सिटिंग निअर द बेड" कर. "इज सॅट" तुला इथल्या लोकांच्या तोंडी ऐकू येईल, पण परीक्षेत सिटिंगच. शेवटचं वाक्य धातुसाधितांनी सांगितलं त्यातलं, तिथे ड्रेसिंग तोच बदलतोय असं झालं. "व्हाइल आय वॉज चेंजिंग द ड्रेसिंग, ही वॉज शाउटिंग." आणि मुलीचे प्रश्न कन्फ्यूजिंग होते की ती काळजीने खूप विचारत होती? तसं असेल तर "शी वॉज अँक्शस अँड आस्क्ड अ लॉट ऑफ क्वेश्चन्स", रोल प्लेमध्ये नातेवाइकाबद्दल असं बोललेलं चांगलं.

शेवंती
काळजीनेच विचारत होती. "कन्फ्यूजिंग" शब्द वापरायला मिळतोय म्हणून घातला 😄 बदलते. पुढचा सराव ठेवणीच्या शब्दांचा. कुणी एखादं चित्र शब्दांत द्याल का?

रानमेवा
हे घे. ओपीडीबाहेरची रांग. भिंतीला टेकलेले एक आजोबा, मांडीवर झोपलेलं बाळ घेऊन बाकावर बसलेली आई, काउंटरपाशी उभा राहिलेला चिडलेला माणूस, बंद पडलेला पंखा, आणि पाण्याच्या टाकीपाशी रिकामी बाटली घेऊन ताटकळलेली एक मुलगी. सांग इंग्रजीत, मोठ्याने.

शेवंती
ॲन ओल्ड मॅन लीनिंग अगेन्स्ट द वॉल. अ मदर सिटिंग ऑन द बेंच विथ अ स्लीपिंग बेबी ऑन हर लॅप. ॲन अँग्री मॅन स्टँडिंग अ‍ॅट द काउंटर. अ ब्रोकन फॅन. अ गर्ल वेटिंग निअर द वॉटर टँक विथ ॲन एम्प्टी बॉटल.

ताटकळलेलीला लेला आहे पण वेटिंगच बरोबर ना? अजून वाट बघतेय ती.

धातुसाधित
बरोबर. पाचही बरोबर.

खडूफळा
"अँग्री"च्या जागी "ॲनॉयड" पण म्हणून बघा ताई, तेवढंच एक -एड वाढेल. मी उद्या बसस्टँडचं चित्र देतो, बाकीच्यांनीही सोडवा.